आधी खरं काय ते सांगितलं

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाने आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मुद्दाम खाल्ल्या. तो वाचला, आज बरा आहे, आणि हे मी त्याला विचारून लिहिते आहे. त्याचं नाव, आमचं गाव, हॉस्पिटल यांतलं काही देणार नाही. त्याने असं का केलं हेही लिहिणार नाही. ते सांगायचं तर त्यानेच सांगावं. शिवाय अशा गोष्टीला एकच एक कारण कधी नसतं, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत समजावलं होतं. मी लिहिणार आहे ते त्याला वाचवण्यासाठी काय काय केलं त्याबद्दल. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला आत काय चाललंय हे कळत नाही आणि न कळल्यामुळे घरचे लोक नको तिथे अडून बसतात. आम्हीही बसलो असतो.

मी माहेरी आले होते. रात्रीची जेवणं झाली होती. त्यानेच मला ओसरीवर येऊन सांगितलं, "ताई, मी आईच्या गोळ्या खाल्ल्यात." चेहरा नेहमीसारखा, बोलणं सरळ, चालत आला होता. त्याने सांगितलं म्हणून तो आज आहे. त्या क्षणी मी त्याला काही विचारलं नाही, ओरडले नाही, एवढंच म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. चल." मग आईच्या औषधांचा डबा उघडला, रिकामी पाकिटं गोळा केली आणि पर्समध्ये टाकली.

पुढच्या दहा मिनिटांत घरात जे झालं ते बहुतेक घरांत होत असावं. आई मिठाचं पाणी करायला धावली, ओकारी काढायची म्हणून. शेजारचे मामा आले. ते म्हणाले, "पोरी, डॉक्टरला फूड पॉयझनिंग सांगायचं. पोलिस केस झाली तर पोराचं लग्न जमायचं नाही, गावात तोंड दाखवता यायचं नाही." मामा वाईट माणूस नाही. भाच्यावर त्यांचा जीव आहे आणि त्यांच्या डोक्यात त्या घटकेला भाच्याची अब्रू होती. पण मी आमच्या गावातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं. त्यांनी दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. मीठ-पाणी, ताक, दूध, काहीही पाजायचं नाही आणि घशात बोट घालून उलटी काढायची नाही, कारण त्यात गुंगी आली तर उलटी फुप्फुसात जाते. दुसरं, तो कितीही बरा दिसत असला तरी आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात न्यायचा, आत्ताच्या आत्ता.

शेजाऱ्यांनी बोलेरो काढली. वाटेत तालुक्याच्या ठिकाणी एक खासगी दवाखाना उघडा दिसला म्हणून थांबलो. काउंटरवर मी खरं सांगितलं तर उत्तर आलं, "ही पोलिस केस आहे, आमच्याकडे घेत नाहीत, सिव्हिलला न्या." कोणी त्याचा हातही हातात घेतला नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं. सांगितलं होतं ना, असं ते पाहणं होतं. मला नंतर कळलं की असं परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम. पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबवायचे नाहीत. निदान नाडी, रक्तदाब बघून, सलाइनची सुई लावून मग पुढे पाठवायला हवं होतं. हा निकाल लागून इतकी वर्षं झाली, तरी तो त्या काउंटरपर्यंत पोहोचलेला नाही, याचा मला आजही राग येतो. ज्याला वाटतं आपण कोणालाच नको आहोत, त्याच्यासमोर "आमच्याकडे घेत नाहीत" हे वाक्य उच्चारलं गेलं होतं.

तिथूनच १०८ ला फोन केला. त्या गाडीत डॉक्टर होते. त्यांनी पाकिटं हातात घेऊन नाव वाचलं, अ‍ॅम्लोडिपिन, आणि कधी खाल्ल्या ते त्यालाच विचारलं, मला नाही. मग हाताला सुई लावली, छातीला पट्ट्या चिकटवून ईसीजी काढला, रक्तदाब घेतला. तो चक्क नॉर्मल होता. मामा पुढून वळून म्हणाले, "बघा, नॉर्मल आहे की." डॉक्टर म्हणाले, "नॉर्मल आहे म्हणूनच पळवतोय. पडल्यावर पळवून उपयोग नसतो."

या एका वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी नीट कळला. ही गोळी हळूहळू रक्तात उतरते आणि तिचा जोर चढायला कित्येक तास लागतात. शिवाय ती शरीरातून लवकर जातही नाही. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच दीड-दोन दिवस लागतात. म्हणजे ज्या काळात माणूस उठून बसलेला असतो, बोलत असतो, "मला काही झालं नाही, घरी चला" म्हणत असतो, तो काळ डॉक्टरांच्या दृष्टीने सोन्याचा. "सकाळी बघू" म्हणून कोणी या वेळेत झोपून गेलं तर ती वेळ पुन्हा मिळत नाही.

जिल्ह्याच्या गावी हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा कॅज्युअल्टीत प्रश्नांची सरबत्ती झाली. कोणती गोळी, साधी की हळूहळू विरघळणारी, किती वाजता, पोटात अन्न होतं का, दारू होती का, घरातलं दुसरं कुठलं औषध घेतलं का, वजन किती, आधीचे आजार. पाकिटं पुढे केल्यावर अर्धे प्रश्न मिटले. औषधाचं नाव का इतकं लागतं, हे मी नंतर विचारलं. हृदयाची म्हणून जी औषधं असतात ती सगळी एका जातीची नसतात आणि त्यांचे उपायही निराळे. नाडी संथ करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांसाठी एक वाट, डिजॉक्सिनसाठी पूर्ण वेगळी. त्यावर तर खास प्रतिपिंडांचं इंजेक्शनच असतं. आईच्या गोळ्या कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गटातल्या. याला नेमका उतारा असा नाही, एकामागून एक आधार देत औषधाचा जोर ओसरेपर्यंत माणसाला धरून ठेवायचं असतं. आम्ही "फूड पॉयझनिंग" सांगितलं असतं तर त्याला उलटी थांबवायचं इंजेक्शन देऊन, सलाइन लावून वॉर्डात झोपवलं असतं. सकाळपर्यंत काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

तो पूर्ण शुद्धीवर होता म्हणून आधी कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून प्यायला दिली. तिला ते अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल म्हणतात. पोटात अजून न विरघळलेलं औषध ती धरून ठेवते. मात्र ती लवकर दिली तरच आणि माणूस जागा असेल तरच. नाकातून नळी घालून पोट धुणं आता सरसकट करत नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांनी आईला सांगितलं. आई पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, "पोट धुवा की." तिच्या पिढीने विष म्हटलं की पोट धुणं एवढंच पाहिलेलं.

मग आयसीयू.

मध्यरात्र उलटल्यावर रक्तदाब घसरायला लागला. मी काचेतून पाहत होते. त्याचे गाल लालसर, हात गरम, नाडी जोरात, आणि मॉनिटरवरचा वरचा आकडा नव्वदच्या खाली. रक्तदाब असा कोसळला, डॉक्टर ज्याला शॉक म्हणतात, की हातपाय गार पडतात असं मी समजून होते. आयसीयूच्या डॉक्टर बाईंनी मला बाहेर येऊन समजावलं, आणि मी शेतकऱ्याची मुलगी आहे हे कळल्यावर माझ्या भाषेत समजावलं. पाट रुंद झाला तर पाणी तेवढंच असूनही शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नाही, तसं या औषधाने सगळ्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त मेंदू-मूत्रपिंडांकडे जोराने जात नाही. रक्तवाहिन्यांचे स्नायू आवळायला पेशींत कॅल्शियम शिरावं लागतं आणि ही गोळी नेमका तोच दरवाजा बंद करते. रोजच्या एका गोळीने आईचा रक्तदाब ताब्यात राहतो तो याच गुणामुळे.

पहिला उपाय शिरेतून कॅल्शियम. बंद दरवाजावर जितका लोंढा जास्त तितकं थोडंफार आत झिरपेल, हा त्यामागचा हिशेब. सोबत सलाइन, पण बेताने. या विषबाधेत फुप्फुसांत पाणी साठायची भीती असते, म्हणून बाटल्यांवर बाटल्या ओतत नाहीत. मामा तिथेही "अजून सलाइन लावा ना" म्हणत होते. मग मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू केलं. ते रक्तवाहिन्या आवळतं. मनगटाच्या धमनीतही एक बारीक नळी बसवली, म्हणजे रक्तदाब प्रत्येक ठोक्याला पडद्यावर दिसतो, दर वेळी दंडाला पट्टा आवळावा लागत नाही. प्रत्येक नळीसाठी माझी सही. फॉर्मवर रक्तस्राव, संसर्ग, व्हेंटिलेटर, मृत्यू असे शब्द छापलेले. मी वाचून सही केली. वाचायला लागणारा वेळ त्यांनी दिला, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

आणि मग इन्सुलिन. इथे आमच्या सगळ्यांचं डोकं चक्रावलं.

पहाटे डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आम्ही त्याला मोठ्या प्रमाणात इन्सुलिन सुरू करतोय, ताई." मामींना मधुमेह आहे. त्या दचकून म्हणाल्या, "त्याला कुठं शुगर आहे?" मग आकडा ऐकला. किलोला एक युनिट एकदम आणि पुढे तासाला तितकंच. म्हणजे साठ किलोच्या पोराला तासाला साठ युनिट, आणि गरज पडली तर त्याच्या कैक पट. मामी दिवसभरात वीस-बावीस युनिट घेतात. त्यांनी माझा हात धरला, "पोरगं मारतील ते." कोणालाही तसंच वाटेल. म्हणून हा भाग मी सावकाश लिहिते आहे, कारण इथे अडून बसणारे नातेवाईक डॉक्टरांना ठाऊक आहेत.

डॉक्टर बाईंनी सांगितलं ते असं. हृदय एरवी मुख्यतः चरबीतून ताकद मिळवतं. अशा संकटात त्याला साखर हवी असते. पण ही गोळी स्वादुपिंडालाही सोडत नाही. तिथूनही इन्सुलिन सुटायला कॅल्शियमच लागतं. त्यामुळे रक्तात साखर वाढत जाते आणि हृदय मात्र उपाशी. भावाची रक्तशर्करा खरंच चढलेली होती, मधुमेह नसताना, आणि औषधाचा किती जोर आहे याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरूनही येत होता. बाहेरून भरपूर इन्सुलिन दिलं की साखर हृदयाच्या स्नायूंत शिरते आणि आकुंचनाला बळ मिळतं. हा उपाय आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसला, माणसांमधले पहिले अनुभव १९९९ च्या सुमारास छापून आले, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या विषबाधेवरच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तो या गटासाठी ठळकपणे दिलेला आहे. आमच्या जिल्ह्याच्या गावात तो त्या रात्री मिळाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. इन्सुलिन काही महागडं दुर्मीळ औषध नाही. ते प्रत्येक गावच्या मेडिकलमध्ये असतं. लागतं ते माहीत असणं आणि रात्रभर जागणारी नर्स.

कारण खरी कसोटी तिची. इन्सुलिनबरोबर दुसऱ्या नळीतून ग्लुकोज चालू ठेवावं लागतं, नाहीतर साखर कोसळेल. सुरुवातीला दर पंधरा-वीस मिनिटांनी रक्त तपासून साखर बघायची, ग्लुकोजचा वेग बदलायचा. पोटॅशियमही इन्सुलिनबरोबर पेशींत ओढलं जातं, म्हणून तेही पुन्हा पुन्हा तपासायचं. लघवीची पिशवी तासातासाला मोजायची, कारण मूत्रपिंडांना रक्त पोहोचतंय की नाही ते तिथे कळतं. एका सिस्टरच्या हातात कागद, त्यावर वेळा आणि आकडे. ती उजाडेपर्यंत खुर्चीवर बसलेली मी पाहिली नाही. आणि इन्सुलिनचा गुण लगेच दिसत नाही, अर्ध्या-पाऊण तासाने दिसायला लागतो. त्या मधल्या वेळात नॉरअ‍ॅड्रेनलिनने तोल सांभाळायचा.

याच सुमारास मामांनी डायालिसिसचं काढलं. "मशीनवर घाला, रक्तातनं औषध काढून टाका." अतिशय साहजिक विचार. पण हे औषध रक्तात थोडंच थांबतं. जे असतं ते प्रथिनांना चिकटलेलं आणि बाकीचं शरीरभर ऊतकांत मुरलेलं. मशीन रक्त धुतं, ऊतक धुवू शकत नाही. पुढची पायरी काय, हेही त्यांनी लपवलं नाही. एवढ्यानेही रक्तदाब धरला नाही तर दुधासारखं पांढरं दिसणारं लिपिडचं द्रावण शिरेतून देऊन बघता येतं, आणि अगदीच वेळ आली तर एक्मो, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम काही काळ बाहेरच्या यंत्राने करायचं. त्यासाठी पुणे गाठावं लागेल. त्यांनी पुण्यात फोन करून ठेवलाही होता. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथे डॉक्टरांना चोवीस तास सल्ला मिळतो, हेही मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

पुण्याला न्यावं लागलं नाही. सकाळी उजाडल्यावर आकडा शंभराला टेकला. पुन्हा पडला. पुन्हा चढला. दुपारी ऑक्सिजन वाढवावा लागला, कारण फुप्फुसांत थोडं पाणी झालंच होतं, आणि तेव्हा मला वाटलं आता व्हेंटिलेटर. मास्कवर भागलं. दुसऱ्या रात्री नॉरअ‍ॅड्रेनलिन थेंबाथेंबाने कमी करायला सुरुवात झाली. इन्सुलिन बंद केल्यावरही ग्लुकोज बराच काळ चालू ठेवलं, कारण एवढं दिलेलं इन्सुलिन शरीरात रेंगाळतं आणि साखर मागाहून पडू शकते. ही खबरदारी मला सगळ्यात आवडली. धोका टळला असं आम्हाला वाटत होतं, त्यांना मात्र एका वेगळ्या धोक्याची आठवण होती.

आता पोलिसांबद्दल, ज्यांच्या भीतीने मामा रात्रभर घामाघूम होते. कॅज्युअल्टीत केसपेपरवर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, असा शिक्का बसला आणि हॉस्पिटलने पोलिस चौकीला कळवलं. ते त्यांना करावंच लागतं. भाऊ बोलण्याच्या स्थितीत आल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने, एक हवालदार आले. खुर्ची ओढून बसले. कोणी जबरदस्तीने खायला घातल्या का, घरात कोणाचा छळ आहे का, तक्रार करायची आहे का, असं विचारलं. भावाने नाही म्हटलं. जबाब लिहिला, सही घेतली, "काळजी घे रे" म्हणाले आणि गेले. एवढंच.

यामागचा कायदा बदलला आहे आणि तो घराघरांत माहीत असायला हवा. पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन बघायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुनं कलम घेतलेलंच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी असा प्रयत्न केला तर त्यासाठी वेगळं कलम आहे; आजारी, थकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी लोक डॉक्टरांसमोर "काहीतरी खाण्यात आलं" म्हणतात, त्या भीतीला आता आधार उरलेला नाही. हे मी मामांना कागद दाखवून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग लोक सांगत का न्हाईत हे?"

वॉर्डात हलवल्यावर मला वाटलं होतं आता दोन दिवसांत घरी. पण मानसोपचारतज्ज्ञांनी भेटल्याशिवाय सोडायचं नाही असा तिथला नियम होता, आणि तोपर्यंत त्याच्याजवळ कोणीतरी सतत बसायचं. डॉक्टर आले ते आम्हाला बाहेर काढूनच त्याच्याशी बोलले. नंतर आम्हाला बोलावलं. मी भीतभीत विचारलं, त्याच्याशी या विषयावर बोलायचं की टाळायचं? ते म्हणाले, सरळ विचारायचं, "आत्ता मनात तसं काही येतंय का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं कोणाला तरी दिसलं, असं त्या माणसाला वाटतं. त्या दिवसापासून मी हे वाक्य तसंच्या तसं वापरते. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. आता नाही अडखळत. त्याचं उत्तर कधी "नाही" असतं, कधी "थोडं". "थोडं" असेल तेव्हा काय करायचं हे त्याने डॉक्टरांसोबत बसून स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय: आधी काय करून बघायचं, कोणाला फोन करायचा, कोणाकडे जाऊन बसायचं. त्यात टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही आहे. मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येतं. रात्री अडीच वाजता बहिणीला उठवायचा संकोच वाटतो तेव्हा तो नंबर उपयोगी पडतो, असं तोच सांगतो.

घरातल्या औषधांची व्यवस्था बदलली. आईच्या गोळ्या आता महिन्या-दोन महिन्यांच्या एकदम आणत नाही. आमच्या मेडिकलवाल्यांना विश्वासात घेऊन सांगितलं, ते आठवड्यापुरत्याच देतात. डबा मामींच्या कपाटात कुलपात असतो आणि रोजची गोळी त्या आणून देतात. आईला सुरुवातीला हे अपमानाचं वाटलं, आपल्या पोरावर पहारा बसवल्यासारखं. भाऊच तिला म्हणाला, "आई, असू दे. मला बरं वाटतं." वाईट घडी येते आणि ओसरते, त्या घडीला हाताशी काही नसावं, एवढाच त्यामागचा विचार आहे. शेतातली फवारणीची औषधंही मामांनी घरातून हलवली.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलातल्या समाजसेविका ताईंचा फोन आला. मला वाटलं बिलाचं काही राहिलं असेल. तर त्या भावाला विचारत होत्या, झोप लागते का, जेवतोस का, गोळ्या घेतोस का, या रविवारी काय करणार आहेस. पाच मिनिटं. मग पुन्हा काही दिवसांनी. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत मिळून एक अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नईही होतं. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या लोकांना तिथेच नीट समजावून सांगितलं आणि पुढचे दीड वर्ष अधूनमधून फोन केले किंवा भेटी दिल्या, तर नंतर आत्महत्येने होणारे मृत्यू बरेच कमी झाले. इन्सुलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या नळ्यांइतकाच हा फोन उपचाराचा भाग आहे असं मी मानते. आपल्याकडे पहिला भाग आता बऱ्याच ठिकाणी मिळू लागलाय. दुसरा फार कमी ठिकाणी मिळतो, आणि तो तर सगळ्यात स्वस्त आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं. त्याने कायद्याचा भाग दोनदा वाचला. मग म्हणाला, त्या आयसीयूतल्या सिस्टरबद्दल अजून लिही. मला काचेबाहेरून दिसलं नव्हतं ते त्याने सांगितलं. ती प्रत्येक वेळी बोटाला सुई टोचण्याआधी सांगायची, "आता साखर बघते हं, दुखेल जरा." आकडा आला की त्यालाही सांगायची. आयसीयूतल्या दुसऱ्या एका माणसाने येताजाता टोमणा मारला होता, "आईबापाला घोर लावून काय मिळालं?" तेव्हा ती त्याच्याकडे न पाहता भावाला म्हणाली होती, "तू पेशंट आहेस माझा. तुझा बीपी शंभर झाला की मी चहा पिणार आहे." तो सांगतो, त्या रात्री त्याला जगायचं की नाही हे ठरलेलं नव्हतं, पण तिने चहा प्यावा असं मात्र वाटत होतं. हॉस्पिटलात काम करणारं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यापर्यंत एवढं पोहोचव, असं त्याने मला बजावलं आहे.